श्रावणाची कावड आणि मृत्यूचा तक्ता

अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या एखाद्या गावचा धर्मोपदेशक वारला, की नवऱ्याच्या मरणापाठोपाठ त्याच्या बायकोवर घर सोडायची वेळ येई. राहतं घर चर्चचं. नवा उपदेशक नेमला जाणार, तो बायकामुलांसह येणार, त्याला ते मोकळं करून द्यायला हवं. नवऱ्याचं मानधन थांबलेलं, स्वतःची जमीन नाही, मुलं लहान. मग उरे ती नातेवाइकांची दया किंवा गावकऱ्यांची वर्गणी. एडिंबरामधले दोन धर्मोपदेशक, रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर, यांना हे बघवेना. १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रवचनं आणि प्रार्थना यांच्या जोडीला आणखी एक काम हाती घेतलं: आपल्याच व्यवसायबंधूंचे मृत्यू मोजायचं.

त्यांनी देशभरच्या चर्चमंडळांना पत्रं पाठवली. गेल्या काही वर्षांत किती उपदेशक वारले, किती जणांमागे विधवा राहिल्या, किती जणांमागे फक्त पोरकी मुलं? उत्तरं जमत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. कोणत्याही वेळी सुमारे ९३० उपदेशक हयात असतात. वर्षाला सरासरी २७ जातात. त्यांतल्या १८ जणांच्या मागे विधवा उरते. गणित तपासायला त्यांनी एडिंबरा विद्यापीठातला कॉलिन मॅक्लॉरिन हा न्यूटनच्या परंपरेतला गणिती गाठला. १७४४ मध्ये संसदेच्या कायद्याने निधी उभा राहिला. उपदेशकाने चारांपैकी एक वार्षिक वर्गणी निवडायची आणि त्यानुसार त्याच्या विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड मिळायचे. जमलेली रक्कम वाटून संपवायची नाही. ती व्याजाने लावायची आणि त्या व्याजातून पुढचं देणं भागवायचं. १७६५ साली निधीत किती रक्कम असेल याचा अंदाज आधीच बांधून ठेवला होता. ते साल उजाडलं तेव्हा अठ्ठावन्न हजारांहून अधिक पौंडांच्या त्या रकमेत अंदाज आणि वास्तव यांच्यात एका पौंडाचा फरक निघाला.

आज मुंबईत, पुण्यात, लंडनमध्ये निवृत्तिवेतनाची मॉडेलं बांधणारे विश्लेषक जे करतात, त्याचा पाया त्या पत्रव्यवहारात आहे. आणि ज्या प्रश्नाला ते रोज सामोरे जातात, तोही तिथूनच सुरू होतो. माणसाचा मृत्यू देवाच्या हाती आहे असं मानणाऱ्याने तो मोजावा का?

वॉलेस आणि वेबस्टर कॅल्व्हिनच्या पंथातले होते. प्रत्येकाची घटका ईश्वराने ठरवून ठेवली आहे, ही त्यांची श्रद्धा. त्या काळी आयुष्याचा विमा म्हणजे ईश्वरी इच्छेवर लावलेली पैज, असं मानणारे पुष्कळ होते. फ्रान्समध्ये तर १६८१ च्या सागरी कायद्याने माणसाच्या जिवाचा विमा उतरवायलाच बंदी होती. या दोघांनी या पेचातून काढलेला मार्ग साधा होता. पुढच्या वर्षी कोण जाणार, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. किती जातील, एवढंच सांगितलं. ‘कोण’ हे देवाकडे राहिलं. ‘किती’ची जबाबदारी माणसांनी उचलली, कारण त्या अठरा विधवांच्या भाकरीची सोय माणसांनाच करायची होती.

ज्या तक्त्याचा आधार मॅक्लॉरिनला मिळाला, त्याच्या मागेही एक धर्मोपदेशकच होता. सायलेशियातल्या ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, कास्पर नॉयमान नावाच्या पाद्र्याने चर्चच्या नोंदींतून मृत्यूची वयं गोळा केली. सात आणि नऊ यांच्या पटीतली वर्षं घातक असतात, त्यातही त्रेसष्टावं वर्ष फारच वाईट, अशी तेव्हा समजूत होती. ती खरी आहे का, हे नॉयमानला तपासायचं होतं. त्याचे आकडे लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोचले आणि धूमकेतूमुळे जगाला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलीने त्यांवरून १६९३ मध्ये आपला तक्ता मांडला. एक वर्षाच्या १००० मुलांपासून सुरुवात. साठीला त्यांतले २४२ उरतात, ऐंशीला ४१. जन्मलेल्यांपैकी निम्मे सतराव्या वर्षाच्या आतच जातात, हे दाखवून हॅलीने लिहिलं की आयुष्य थोडकं पडलं म्हणून कुरकुर करणं अन्यायाचं आहे. आपण कितीकांहून अधिक जगलो, याबद्दल समाधान मानावं. खगोलशास्त्रज्ञाच्या गणिती निबंधाच्या पुरवणीत हा विचार आहे. आणखी काही दशकांनी, १७४१ मध्ये, योहान पेटर झ्युसमिल्श या प्रशियन सैन्यातल्या धर्मोपदेशकाने जन्ममृत्यूच्या आकड्यांवर ग्रंथ लिहिला. मरणाऱ्यांच्या संख्येत वर्षानुवर्षं जी शिस्त दिसते, तीच त्याला ईश्वरी व्यवस्थेचा पुरावा वाटली.

वयाच्या टप्प्यांची ही भीती आपल्याकडेही आहे. साठीला उग्ररथ शांती, सत्तरीला भीमरथी शांती, आणि हजार पौर्णिमा पाहून झाल्या की सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमांना साधारण ऐंशी वर्षं आणि दहा महिने लागतात. योगायोग असा की केंद्र सरकारचा खजिनाही जवळजवळ त्याच वळणावर निवृत्त कर्मचाऱ्याला ओवाळतो. सहाव्या वेतन आयोगानंतर ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्रीय पेन्शनधारकाला मूळ पेन्शनच्या वीस टक्के जादा मिळू लागले. पंचाऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंचाण्णवला पन्नास, आणि शंभरी गाठली की पेन्शन थेट दुप्पट. मोठ्यांच्या पाया पडल्यावर मिळणारा शतायुषी होण्याचा आशीर्वाद इथे शासन निर्णयात उतरला आहे. विश्लेषकाला मात्र त्याचा खर्च काढावा लागतो, आणि त्याच्या अहवालात दीर्घायुष्य जोखीम म्हणूनच येतं. ज्याला घरात भाग्य म्हणतात ते निधीच्या ताळेबंदात देणं असतं. यात त्याचा दुष्टपणा नाही. ऐंशीव्या वर्षी पैसे संपले तर जगणाऱ्याचं भाग्य त्याच्या जिवावर उठतं, म्हणूनच ते देणं आधी मोजून ठेवावं लागतं.

इथे श्रावणबाळाची गोष्ट आठवावी. मराठी घरांत ती मातृपितृभक्तीची कथा म्हणून सांगतात. आंधळे आईवडील, खांद्यावर कावड, तीर्थयात्रा. पण पेन्शनचं गणित रोज मांडणाऱ्याने ती ऐकली तर त्याचं लक्ष शेवटाकडे जाईल. सगळा भार एकाच खांद्यावर होता. दशरथाचा एक बाण सुटला आणि तीन माणसं गेली. श्रावणाच्या भक्तीत तसूभर उणीव नव्हती. उणीव होती ती या व्यवस्थेत, की तो नसेल तर दुसरं कोणी नाही. स्कॉटलंडच्या उपदेशकाची बायकोही अशाच एका खांद्यावर होती. वॉलेस आणि वेबस्टर यांनी ती कावड नऊशे तीस खांद्यांवर दिली. त्यांतले सत्तावीस दरवर्षी गळाले तरी ती खाली पडत नाही.

मृत्यू मोजण्याचं धर्मकारण एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ असं म्हणणाऱ्या समाजात मरणाबद्दल आधी बोलणं अशुभ वाटतं, विमा एजंटासमोर घरातली थोरली मंडळी विषय बदलतात, हे खरं. तरीही जो मरणाचा विचार करून मागे राहणाऱ्यांची तजवीज करतो, त्याच्या श्रद्धेला बाध येत नाही. श्रद्धेला खरा धोका तक्त्यात काय भरलंय यात असतो. आकडे ईश्वरी व्यवस्थेतून आलेत असं झ्युसमिल्शला वाटलं. पण मॉडेलमधले निम्मेअधिक आकडे माणसं निवडतात.

ही निवड कशी होते ते पाहण्यासारखं आहे. विश्लेषकासमोर एक्सेलची भली मोठी शीट असते. दर ओळीला एक कर्मचारी: वय, पगार, सेवेची वर्षं. पुढच्या रकान्यांत शक्यता: नोकरी सोडण्याची, अपंग होण्याची, सेवेत असताना मरण्याची, निवृत्तीनंतर किती जगण्याची. माहिती नसेल तर गृहीत धरायचं. नवरा बायकोपेक्षा तीन वर्षांनी मोठा, हे या धंद्यातलं जुनं गृहीतक. मग पगारवाढीचा दर, महागाईचा दर, व्याजाचा दर. बटण दाबलं की खाली एक आकडा येतो, आज किती पैसे बाजूला असायला हवेत याचा. मंत्रालयात, कंपनीच्या संचालक मंडळात, वर्तमानपत्रात चर्चा त्या शेवटच्या आकड्याची होते. तो ज्यांतून निघाला ती गृहीतकं परिशिष्टात जातात.

तक्ता चुकला तर काय होतं, याचं उदाहरण पुन्हा एका धर्मोपदेशकाशीच जोडलेलं आहे. रिचर्ड प्राइस हा लंडनजवळच्या न्यूइंग्टन ग्रीनचा उपदेशक. टॉमस बेझ या उपदेशकाचा संभाव्यतेवरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो प्राइसमुळेच. याच प्राइसने नॉर्थहॅम्प्टनच्या नोंदींवरून मृत्यूचा तक्ता तयार केला. त्यात माणसं प्रत्यक्षाहून लवकर मरताना दिसत. आयुर्विमा विकणाऱ्या कंपनीला ते सोयीचं, कारण विम्याचे पैसे तक्ता सांगतो त्यापेक्षा उशिरा द्यावे लागतात. पण १८०८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच तक्त्यावर आजन्म वर्षासनं विकायला काढली. घेणारे तक्त्याहून जास्त जगले आणि सरकार कित्येक वर्षं तोट्यात पैसे देत राहिलं. जॉन फिनलेसन या अधिकाऱ्याने ते दाखवून दिलं तेव्हा ती विक्री थांबली. एकच चूक एका बाजूला नफा देते आणि दुसऱ्या बाजूला भोक पाडते. म्हणून चांगला विश्लेषक पहिल्यांदा विचारतो, हा तक्ता कोणत्या माणसांचा आहे?

आपल्याकडे हा प्रश्न फारच महत्त्वाचा आहे. भारतात जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुष्य सत्तरच्या आसपास आहे. यावरून साठीला निवृत्त होणारा दहाच वर्षं जगेल असं पुष्कळांना वाटतं, अगदी शिकलेल्यांनाही. ते चूक आहे. त्या सत्तरमध्ये बालपणी गेलेले, तरुणपणी अपघातात गेलेले सगळे मोजलेले असतात. जो साठीपर्यंत पोचला, त्याच्यापुढे सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षं असतात. दहा वर्षांची तजवीज करणारी योजना आणि अठरा वर्षं जगणारा माणूस यांच्यामधली आठ वर्षं कोणाच्या तरी दारात काढावी लागतात.

पण तक्ता अगदी बिनचूक असला तरी दुसरा प्रश्न उरतोच, आणि तो जास्त खोल आहे. माणूस म्हणजे त्याच्या गटाची सरासरी का? अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्यात स्त्री कर्मचाऱ्यांच्या पगारातून पेन्शनसाठी पुरुषांपेक्षा १४.८४ टक्के जास्त वर्गणी कापत. कारण खरं होतं: स्त्रिया सरासरीने जास्त जगतात, त्यांना पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते. १९७८ मध्ये मॅनहार्ट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कपात बेकायदा ठरवली. गटाबद्दलचं विधान खरं असलं तरी त्या गटातली एखादी बाई सरासरीइतकी जगेलच असं नाही, आणि कायदा माणसाला माणूस म्हणून पाहतो, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता.

अनेक विमागणितज्ञांना हा निकाल पटला नाही, आणि त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. पेन्शनचा पायाच सरासरीवर आहे. लवकर जाणाऱ्यांचे उरलेले पैसे जास्त जगणाऱ्यांना मिळतात, म्हणून तर कोणाचेही पैसे जिवंतपणी संपत नाहीत. यात अन्याय आहे का? नाही. बासष्टाव्या वर्षी गेलेला माणूस नव्वदीतल्या अनोळखी माणसाला आपला वाटा देऊन जातो. घेणारा कोण हे त्याला ठाऊक नाही, देणारा कोण हे घेणाऱ्याला ठाऊक नाही. धर्मशास्त्रांनी गुप्तदानाची जी थोरवी सांगितली आहे, तिच्या जवळ जाणारं असं काही आधुनिक अर्थव्यवस्थेत क्वचितच सापडेल.

मात्र या दानाला एक अट आहे. कोण लवकर जाणार हे खरोखर अज्ञात असायला हवं. गरीबच लवकर जात असतील, तर ते दान राहत नाही. गरिबाच्या वर्गणीतून श्रीमंताचं म्हातारपण पोसलं जातं. अमेरिकेतल्या करनोंदींवरून अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की तिथल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांच्या आयुर्मानात साडेचौदा वर्षांहून अधिक अंतर आहे. निवृत्तीचं वय सरसकट दोन वर्षांनी वाढवा, असा प्रस्ताव येतो तेव्हा शीटवर सर्वांसाठी तेच दोन बदलतात. प्रत्यक्षात, निवृत्तीनंतर पंचवीस वर्षं मिळणाऱ्या प्राध्यापकाची दोन गेली, आणि आठ मिळणाऱ्या हमालाचीही दोनच. हे अंतर शीटमध्ये आपोआप दिसत नाही. तक्ता उत्पन्नानुसार वेगळा केला तरच दिसतं. तो वेगळा करायचा की नाही, हा तांत्रिक निर्णय म्हणून विश्लेषकाच्या टेबलावर येतो, पण त्यात न्याय-अन्यायाचा निवाडा असतो.

डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या देण्याची आजची किंमत काढायचा दर, याचंही तसंच. पन्नास वर्षांनी द्यायच्या एक लाख रुपयांची आजची किंमत किती? चार टक्क्यांनी वटवले तर सुमारे चौदा हजार. आठ टक्क्यांनी वटवले तर सुमारे एकवीसशे. वचन तेच, माणूस तोच. दर बदलला आणि देणं जवळजवळ सातपटीने आकसलं. दर कोणता घ्यावा, याला बाजाराच्या बाजूने उत्तरं आहेत आणि निधीच्या गुंतवणुकीपुरती ती योग्यही आहेत. पण सरकार पुढच्या पिढ्यांसाठी धोरण आखतं तेव्हा प्रश्न वेगळा होतो. केंब्रिजचा फ्रँक रॅम्झी याने १९२८ मध्ये बचतीच्या गणितावर निबंध लिहिला. पुढे येणारं सुख केवळ पुढे आहे म्हणून कमी मोलाचं धरणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, ती कल्पनाशक्तीची दुर्बलता आहे, अशी त्याची भूमिका होती. रॅम्झी नास्तिक होता. त्याचा धाकटा भाऊ मायकल पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. फ्रँक मात्र वयाच्या सव्विसाव्या वर्षीच गेला. न जन्मलेल्यांच्या सुखाला आजच्या सुखाइतकंच मोल द्यावं, हे म्हणणाऱ्याच्या वाट्याला स्वतःचं भविष्य जवळजवळ आलंच नाही. त्याचं म्हणणं मात्र आजही या विषयातल्या प्रत्येक गंभीर वादात पुढे येतं.

पिढ्यांमधल्या देण्याघेण्याचा विचार आपल्या परंपरेत ऋणाच्या भाषेत झाला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊन माणूस जन्मतो, असं ती सांगते. आईबापांचं फेडायचं ते मुलांना वाढवून, म्हणजे मागचं ऋण पुढे फेडायचं. पण महाभारताने त्याची उलटी बाजूही दाखवली आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला ययाती मुलांकडे त्यांचं तारुण्य मागतो. चौघं नकार देतात, धाकटा पुरू देतो, आणि हजार वर्षं भोग घेऊन ययातीला कळतं की वासना शमत नाही. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीने ही कथा घरोघरी नेली. वाचकांनी ती भोगलालसेची कथा म्हणून वाचली. ती पिढ्यांमधल्या कराराचीही कथा आहे: एका पिढीने दुसरीच्या कमाईच्या वर्षांवर किती हक्क सांगावा?

महाराष्ट्रात हा प्रश्न रस्त्यावर आला. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि वर्गणीवर आधारलेली योजना लागू झाली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर होते. त्यांची भीती खरी होती. शेअर बाजार कोसळलेल्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने काय करायचं? जोखीम एकट्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकणारी योजना श्रावणाचीच चूक पुन्हा करते. दुसरीकडे, जुन्या पेन्शनसाठी बाजूला काहीच ठेवलेलं नसतं. ती त्या त्या वर्षीच्या करातून जाते, आणि तो कर भरणाऱ्या पुरूला कोणी विचारलेलं नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली एकीकृत पेन्शन योजना मधला रस्ता शोधते: पंचवीस वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंची वर्गणी. वचनही ठेवायचं आणि पैसेही बाजूला ठेवायचे, ही दिशा बरोबर आहे. वर्गणी पुरेशी आहे की नाही, हे पुन्हा त्या परिशिष्टातल्या गृहीतकांवरच ठरणार.

पेन्शन हा हक्क आहे, मालकाच्या मर्जीवरची भीक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींचं ते घटनापीठ. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलं. निवृत्त कर्मचारी तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. त्या निकालाची भाषा उदार आहे, म्हातारपणीच्या सामाजिक न्यायाबद्दल ती बोलते. पण तिचा प्रत्यक्ष लाभ ज्यांच्या नावावर सेवापुस्तिका होती त्यांनाच झाला. ज्यांच्या मृत्यूची नोंद कोणत्याही निधीच्या तक्त्यात होत नाही, ज्यांना साठीला निवृत्तच होता येत नाही, ते या वादातून बाहेर राहिले.

त्यांच्यासाठी राज्याने जी योजना काढली तिचं नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या निराधारांना २०२३ पासून महिन्याला दीड हजार रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिन्याला दोनशे रुपये मिळतात, आणि तो आकडा २००७ पासून हललेला नाही. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर त्या दोनशेंची किंमत अठरा वर्षांत सत्तरवर आली. ऐंशी ओलांडलेल्याला पाचशे. त्याच ऐंशीला केंद्रीय पेन्शनधारकाला वीस टक्के जादा मिळतात आणि महागाई दिलासा वर्षातून दोनदा नव्याने ठरतो. संघटित कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान रक्कम एक हजार आहे, २०१४ पासून तीच. आज विशीत असलेला तरुण अटल पेन्शन योजनेत सर्वांत वरची, पाच हजारांची पायरी निवडेल. चाळीस वर्षांनी पाच टक्के महागाईने ते आजच्या सातशे रुपयांएवढे असतील.

या सगळ्या आकड्यांत कुठेही गणिताची चूक नाही. महागाईचा रकाना एका योजनेत भरला आहे आणि दुसरीत रिकामा ठेवला आहे, एवढाच फरक. ज्यांची पेन्शन महागाईबरोबर वाढते ते संघटित आहेत, न्यायालयात जाऊ शकतात, संप करू शकतात. दोनशे रुपयेवाल्या आजीला यांतलं काहीच जमत नाही.

तसं पाहिलं तर महाराष्ट्राने यावर फार पूर्वी एक उत्तर शोधलं होतं. एका मालकाकडे कायमचं काम नसलेल्या, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर पोती वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी कोण देणार? १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं नेमली. जो जो मालक काम करून घेईल त्याने मजुरीवर ठरावीक टक्के मंडळाकडे भरायचे, आणि कामगाराचं खातं मंडळाकडे. अनेक मालकांचे खांदे एकत्र बांधायची ही कल्पना वॉलेस आणि वेबस्टर यांना लगेच समजली असती. पुण्यात हमाल पंचायत उभारणारे डॉ. बाबा आढाव पुढे सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्यासह ‘पेन्शन परिषद’ या मोहिमेत उतरले. मागणी होती प्रत्येक म्हाताऱ्या कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन, आणि महागाईबरोबर तिची वाढ.

या मागणीचा खर्च काढणं विश्लेषकाच्या हातचं काम आहे. लोकसंख्येचे वयोगट जनगणनेत आहेत, आयुर्मानाचे तक्ते महानिबंधक कार्यालय प्रसिद्ध करतं, किमान वेतन राजपत्रात आहे. महागाईचा रकाना भरून आणि रिकामा ठेवून, अशी दोन उत्तरं तो शेजारी शेजारी मांडू शकतो. कोणतं निवडायचं हे विधिमंडळ आणि संसद ठरवतील, तो त्यांचा अधिकार आहे. पण महागाई धरलेलं उत्तरही अहवालाच्या पहिल्या पानावर यावं यासाठी त्याला आग्रह धरता येतो, आणि ते परिशिष्टात ढकलायला त्याने नकार द्यावा.